मोडीत न गेलेली नथ

आमच्या घराण्यात हातकामावर पोट भरण्याची चाल नव्हती. आजोबा कारकून, वडील कारकून, आणि मी मराठीची एम्. ए. होऊन एका शाळेत शिक्षिका. ती नोकरी कायम होण्यापूर्वीच सुटली, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर दुपारचा वेळ कसा घालवावा हा प्रश्न माझ्यापुढे येऊन उभा राहिला. अशा रिकाम्या दुपारीच एकदा कपाट आवरताना आईची नथ हाती लागली. तार तुटलेली होती व मोती डबीत सुटे पडले होते.

मी ती एका पेढीवर नेली. तेथल्या तरुणाने मोती व खडे बाजूला सारले, उरलेले सोने काट्यावर टाकले आणि एक आकडा सांगितला. "मोडीतच घाला ताई. ओवून द्यायला आता कोण बसलंय?" त्याच्या हिशेबात चूक नव्हती. दागिना मोडीत निघाला की वजन तेवढे उरते. तो घडवणाऱ्या बोटांची किंमत कोणत्याही काट्याला कळत नाही. तथापि मला राग आला, आणि त्या रागाच्या भरातच मी एक बारीक चिमटा विकत घेऊन घरी परतले. माझ्या व्यवसायाचे मूळ हे असे आहे. कलेची ओढ वगैरे मागाहून लोकांनी मला चिकटवली.

नथ ओवण्यात तीन दुपारी गेल्या. जुन्या मोत्यांची भोके कमालीची सूक्ष्म असतात. मोती वजनावर विकला जाई, म्हणून वेज पाडणारा कारागीर शक्य तेवढे वजन राखी. तार किंचित जाड झाली तर आत शिरत नाही, आणि बारीक घेऊन जोर केला तर तुटते. चौथ्या दिवशी नथ उभी राहिली. शेजारणीने ती पाहिली व आपली आणली. पुढे तिच्या जावेची आली. आणि मंगळागौरीच्या सुमारास माझ्या ओट्यावर परक्यांच्या सात नथी होत्या.

ओवणे साधले, पण सांधणे येत नव्हते. ते शिकवायला आप्पा भेटले. आप्पा सोनाराच्या घरात जन्मले. चीनशी झालेल्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, सरकारने सुवर्णनियंत्रणाचा हुकूम काढला व १४ कॅरटांहून अधिक कसाचे दागिने नव्याने घडवण्यास बंदी केली. ज्यांचा हात २२ कॅरटांच्या मऊ सोन्यावर बसलेला, त्यांना ते कठीण सोने परके होते. गिऱ्हाईकही ते घेईना. वडिलांनी भट्टी विझवली, आणि मुलगा पुढे एस्. टी. त कंडक्टर झाला. सुवर्णनियंत्रणाचा कायदा १९९० मध्ये रद्द झाला, परंतु कायदा रद्द झाल्याने बोटांतली गेलेली वर्षे परत येत नाहीत. निवृत्त झाल्यावर आप्पांनी वडिलांची ऐरण माळ्यावरून खाली काढली. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेतून इकडे आलात, मी इथून तिकडे गेलो. दोघांचीही गाडी चुकलेली. बसा."

टाकणखार किती लावावा, फुंकणीने ज्योत कशी वळवावी, हे त्यांनी दाखवले. एक गोष्ट मात्र ते रोज बजावत: मोती दागिन्यात असताना ज्योत पेटवायची नाही.

मी ती पेटवली. शेजारणीच्या मुलीचे लग्न आठ दिवसांवर आले होते आणि तिच्या नथीचा आकडा निखळला होता. सगळे मोती उतरवून पुन्हा ओवण्याचा कंटाळा आला, म्हणून त्यांवर ओले फडके गुंडाळून मी सांधा केला. फडके सोडले तो मधला मोती तपकिरी झालेला! मोती म्हणजे शिंपल्यातल्या जिवाने रचलेले चुन्याचे पापुद्रे. त्यांना धरून ठेवणारा जो नाजूक अंश असतो तो एकदा करपला की कोणत्याही उपायाने मूळ तेज येत नाही. बाजारातला नवा, वाटोळा मोती त्या जुन्यांच्या पंगतीत उपराच दिसला असता. रात्रभर मी डोळा मिटला नाही. पहाटे आईच्या नथीतला मधला मोती काढला, शेजारणीच्या नथीत ओवला, आणि उजाडताच तिच्या दारी जाऊन झाले ते सारे सांगितले.

ती बराच वेळ नथीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मग लग्नाला यायलाच हवं तुम्ही. आईचा मोती एकटा कसा येईल?"

मी गेले. अक्षता टाकताना माझे लक्ष नवऱ्या मुलीच्या नाकाकडे होते, हे कबूल करायला हवे.

आज या कामावर माझे बरे चालते. नवे दागिनेही घडवते. मजुरी सांगितली की गिऱ्हाइकांच्या भुवया वर चढतात, त्याची सवय झाली आहे. वडील मात्र अजून ओळखीच्यांना 'मुलगी शिकवते' असेच सांगतात, आणि मीही ते दुरुस्त करीत नाही.

आईच्या नथीत मधली जागा रिकामी आहे. परवा आप्पांनी कागदाच्या पुडीतून एक जुना मोती आणून दिला. रंग जुळतो, आकारही जुळतो. भोक मात्र थोडे मोठे आहे. तार त्यात सैल पडते.