अवग्रहाची जागा

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या 'क्रमिक पुस्तकमालिके'त स्वरांच्या ओळीखाली बोलांची ओळ असते. स्वर लांबला की वर आडवी रेघ, अक्षर लांबले की खाली अवग्रह. तीन अवग्रह म्हणजे आणखी तीन मात्रा; बोटांवर मोजून घ्याव्यात. असा चोख हिशेब ठेवणारे भातखंडे पेशाने वकील होते, हे ऐकून कोणाही कारकुनाला बरे वाटावे! मात्र 'पाळणा' हा शब्द पाच मात्रांवर पसरला, की त्या पद्धतीत 'पा ऽ ऽ ळ णा' अशी सुटी अक्षरे उरतात. ज्याला भाषा येते तो शब्द मनातल्या मनात जोडून घेतो.

दिल्लीत वाढणाऱ्या आमच्या मुलांना तो जोडता येत नाही, आणि 'ळ'चा 'ल' होतो तो निराळाच. माझ्या आईला एक अंगाई येते; ती कोणत्याही पुस्तकात मला आढळलेली नाही. तिने ती मोबाईलवर गाऊन पाठविली, आणि मुलीसाठी ती लिहून ठेवावी म्हणून मी म्यूझस्कोअर ही विनामूल्य मिळणारी आज्ञावली संगणकावर घेतली.

तिची रीत सोपी आहे. आधी स्वर मांडावेत, मग पहिल्या स्वरावर जाऊन कंट्रोल आणि एल ह्या कळा दाबाव्यात. मोकळी जागा दिली की पुढचा स्वर समोर येतो. शब्द अपुरा असेल तर मोकळ्या जागेऐवजी संयोगचिन्ह द्यावे. शब्दाचे अंत्य अक्षर लांबवायचे असल्यास अधोरेषेची कळ आहे. तिने अक्षरापुढे एक सलग रेघ उमटते. पण रेघेला मात्रा मोजता येत नाहीत. म्हणून मी रेघ टाळतो आणि लांबलेल्या प्रत्येक स्वराखाली अवग्रहच लिहितो: 'पा-ऽ-ऽ-ळ-णा'. सगळे बोल असे आधी तोडून ठेवले, तर नक्कल करून एकेक अक्षर स्वराखाली चिकटवीत जाता येते. मसुदा आधी आणि स्वच्छ प्रत मागाहून, ही कचेरीतली सवय येथे कामी येते.

खरी कसोटी तोडण्याची. 'कृष्ण' हा शब्द बोलताना 'कृष्-ण' असा तुटतो. तसाच लिहिला तर मूल पहिल्याच मात्रेला 'ष्' फुत्कारून मोकळे होते आणि लांबवायला स्वरच उरत नाही. 'कृ-ऽ-ऽ-ष्ण' लिहिले की जोडाक्षर आपल्या मात्रेपर्यंत थांबून राहते. 'घर', 'मन' अशा शब्दांचा शेवटचा 'अ' आपण बोलण्यात गिळतो. गाण्यात त्याला स्वतःचा सूर मिळतो, तेव्हा त्याचे अक्षर त्या सुराखाली वेगळे मांडलेच पाहिजे.

इतके सारे नियम बसवूनही एक जागा सुटेना. 'पाळणा'मधल्या 'ळ' नंतर आई प्रत्येक कडव्यात किंचित थांबते. शब्द असा मध्येच का तोडतेस, म्हणून दूरध्वनीवर विचारले, तेव्हा ती म्हणाली, "अरे, तिथं झोका द्यायचा असतो."

तेथे मी श्वासाचे चिन्ह घातले आणि त्याच्या वर बारीक अक्षरांत 'झोका' असे लिहिले.