अर्धी बातमी

प्रिय सुहास,


परवा तुझा फोन आला तेव्हा कांद्याच्या चाळीत निवड चालू होती, नीट बोलता आलं नाही. मी ग्रुप सोडले, फेसबुक बंद केलं, मग कांद्याच्या बातम्या कळतात कशा, असं तू विचारलंस. यंदा तूही कांदा लावतो आहेस, म्हणून सविस्तर लिहिते.

फेब्रुवारी २०२४ आठव. निर्यातबंदी उठल्याची बातमी पसरली आणि लासलगावला सरासरी भाव दोन दिवसांत क्विंटलला १,२८० वरून १,८०० रुपयांवर गेला. २० तारखेला केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी खुलासा केला, बंदी ३१ मार्चपर्यंत कायम आहे. पुढे मार्चमध्ये ती बेमुदत वाढवली. आपल्या शिवारात काहींनी भाव अजून चढेल म्हणून माल रोखला होता. उन्हाळ कांदा असता तर एक वेळ चाललं असतं, पण तो होता रांगडा. चार महिने थांबणारा माल नव्हे तो.

बातमी अर्धी खरी असते तेव्हा तर जास्तच घात होतो. ४ मे २०२४ ला बंदी उठली, हे खरंच होतं. पण त्याच आदेशात टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य होतं आणि अर्थ मंत्रालयाने ४० टक्के निर्यातशुल्क वेगळं लावलं होतं. म्हणजे ७७० डॉलरच्या खाली माल बाहेर जाणारच नव्हता. परवानगी आणि किमान मूल्य विदेश व्यापार महासंचालनालयाकडे, शुल्क महसूल विभागाकडे. दोन्ही अधिसूचना त्यांच्या संकेतस्थळांवर मिळतात, बहुतेक पान-दोन पानांच्या असतात. अंमल कधीपासून, ती तारीख आधी बघ. पुढे २० टक्क्यांवर आलेलं शुल्क काढल्याचं २२ मार्च २०२५ ला जाहीर झालं, पण ते गेलं १ एप्रिलपासून.

रोजच्या भावासाठी रात्री पणन मंडळाच्या संकेतस्थळावर लासलगाव, पिंपळगाव आणि सोलापूरची आवक व सरासरी भाव बघते आणि वहीत उतरवते. ग्रुपवर फिरतो तो कमाल भाव. तो एखाद्या निवडक ट्रॉलीला मिळालेला असतो, गोल्टी आणि काजळी धरलेला माल काय भावाने गेला हे कुणी टाकत नाही. तो आकडा वाचून शेतकरी आपल्या मालाचा हिशेब मांडतो आणि लिलावात उभा राहिला की खचतो. हे मला फार लागतं रे. सकाळी ‘अ‍ॅग्रोवन’ येतो, हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी. एवढ्यात भागतं.

एका गोष्टीत मात्र अडतं. लिलाव अचानक बंद पडले तर ग्रुपवर ते लगेच कळतं, मला उशिरा. सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांनी जिल्हाभर लिलाव बंद ठेवले होते, तशी वेळ पुन्हा आली तर? म्हणून पिकअप भरण्याआधी बाजार समितीत फोन करते. मजुरांच्या टोळीचं मुकादमाला विचारते. बाकी कुठलीच बातमी चार तास उशिरा कळल्याने चाळीतला कांदा सडत नाही.

रोपं टाकलीस की कळव. बियाणं घरचं हवं असेल तर ठेवलंय.

तुझी,
ताई