गोराईच्या पाण्यात आजी

मे महिना आला की आपल्या वस्तीत दोनच प्रश्न असतात. गावी कधी जायचे आणि मुलांना कुठे फिरवायचे? गावी जाणे ठरलेले असते. फिरवण्याचे मात्र पुढच्या वर्षावर ढकलले जाते. राणीचा बाग, चौपाटी, फार तर हँगिंग गार्डन, इथे आपली सहल संपते. टीव्हीवर दिसणारे ते मोठे वॉटर पार्क 'आपल्यासाठी नाहीत', असे आपणच ठरवून टाकलेले असते. या ठरवून टाकण्याविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत.

2024 च्या मे महिन्यात आम्ही घरची पाच माणसे गोराईच्या वॉटर किंगडमला गेलो. मी, पत्नी, नऊ वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीला आलेली माझी आई. आधी हिशेब सांगतो, कारण मी बी.कॉम. झालेला कारकून माणूस. आदल्या वर्षीच्या जूनपासून दर पगाराला पाचशे रुपये एका डब्यात टाकत गेलो. एप्रिलअखेर साडेपाच हजार झाले. त्यात पत्नीने भिशीतले दोन हजार घातले. कर्ज नाही, उसनवारी नाही.

तरीही विहारातल्या रविवारच्या बैठकीत हा विषय निघालाच. आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "एवढ्या पैशात पोराची शिकवणी झाली असती. ही चैन आपल्याला शोभत नाही." त्यांचा राग मी समजू शकतो. ज्यांनी उपाशीपोटी चळवळ केली, त्यांना पैसा पाण्यात घालणे बोचणारच. पण सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला कमाईची वाटणी सांगितली आहे, ती मी त्यांच्यापुढे ठेवली. चार भाग करावेत. दोन भाग कामधंद्यात घालावेत, एक भाग अडीअडचणीसाठी साठवावा आणि एक भाग उपभोगावा. म्हणजे आनंदालाही वाटा आहे. तो व्यसनात गेला तर वाईट, मुलाबाळांत गेला तर नव्हे. ज्या घरात चारही भाग रेशन आणि भाड्यातच संपतात, त्यांना मी काय सांगणार? पण ज्या घरात सणाला आणि लग्नाच्या आहेराला पैसे निघतात, त्या घरात मुलांसाठी एक दिवस निघू शकतो.

आम्ही कुर्ल्याहून दादर, दादरहून बोरिवली आणि तिथून बसने गोराई जेट्टी गाठली. पोळी-भाजीचे डबे जेट्टीवरच उघडले. मग होडीने खाडी ओलांडायची. दोन्ही बाजूंना तिवरांचे रान आणि समोर विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट. 2009 मध्ये उद्घाटन झालेल्या या घुमटाला आत एकही खांब नाही. आईने होडीतूनच हात जोडले. एका अंगाला पॅगोडा, जिथे तिकीट लागत नाही, आणि एका अंगाला पार्क, जिथे तिकिटाशिवाय पाऊल पडत नाही. शेजारचे, 1989 मध्ये सुरू झालेले एस्सेलवर्ल्ड आता बंद आहे. पाण्याचा पार्क 1998 पासूनचा.

तिकीट खिडकीवर मुलांना पट्टीजवळ उभे केले. मुलांचे तिकीट उंचीवर ठरते. मुलगा टाचा उंचावू लागला, तेव्हा पत्नीने त्याला दटावले, "वाढलास तर जादा पैसे पडतील!" मी मनात म्हटले, माणसाची उंची मोजणारी पट्टी परवडली. ती जन्म विचारत नाही.

आत जाण्याआधी आणखी एक नियम. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, साडी चालत नाही. सुताचे धागे गाळणीत अडकतात आणि सैल कपडा घसरगुंडीवर गुंतून अपघात होतो, म्हणून हा नियम. कपडे भाड्याने मिळतात. पत्नीने आईसाठी लांब बाह्यांचा नायलॉनचा अंगरखा आणि पायघोळ विजार घेतली. आईने ते कपडे घातले, पण पाण्याकडे यायला तयार होईना. "तुम्ही जा, मी काठावर बसते," एवढेच म्हणे. आम्हांला वाटले, कपड्यांची लाज असेल. नात म्हणाली, "आजी, पाणी गुडघ्याएवढंच आहे गं."

आई थोडा वेळ बघत राहिली. मग मला हळूच विचारले, "हे सगळ्यांचं पाणी एकच काय रे? वेगवेगळं काय नाय?"

माझ्या घशाशी आवंढा आला. आमचे गाव कोकणातले. बौद्धवाडीची विहीर उन्हाळ्यात आटायची. मग बायका हंडे घेऊन गावच्या विहिरीपाशी जाऊन उभ्या राहायच्या. कोणी दया येऊन वरून पाणी ओतले तर हंडा भरायचा. पोहऱ्याला हात लावायचा नाही, काठावर चढायचे नाही. आई दहा-अकरा वर्षांची असताना त्या रांगेत दुपार दुपार उभी राहिलेली आहे. तिचा काठ हा असा काठ होता. साठ वर्षांनी ती पुन्हा काठावरच थांबली होती.

"एकच आहे," मी म्हणालो. "चल."

नातीने एक हात धरला, सुनेने दुसरा. आई पाण्यात उतरली. तिथे लाटांचा एक मोठा तलाव आहे. यंत्राने लाटा सोडतात आणि शेकडो माणसे एकदम ओरडतात. आईला पहिलीच लाट कमरेला लागली आणि तिचा तोल गेला. शेजारी तिच्याच वयाची एक बाई होती. तिने चटकन आईचा दंड धरला. पुढच्या लाटेला आईने तिचा दंड धरला. दोघी हसत होत्या. ना तिने आईचे आडनाव विचारले, ना आईने तिचे. लाटा थांबल्यावर दोघींनी एकमेकींना "सांभाळून हं" म्हटले आणि वेगळ्या झाल्या. एवढेच घडले. पण माझ्या दृष्टीने आमचे साडेसात हजार तिथेच फिटले.

या गोष्टी आपोआप घडलेल्या नाहीत, हे आपल्या मुलांना माहीत हवे. 1923 मध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर झाला. महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळे खुले केले, पण कागदावरच. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर आपल्या माणसांची डोकी फुटली आणि तळ्यात शेणगोमुताच्या घागरी ओतून 'शुद्धी' केली गेली. तळे खासगी आहे, असा दावा विरोधकांनी कोर्टात केला. तो उच्च न्यायालयात 1937 साली फेटाळला गेला. एका ओंजळीला दहा वर्षे लागली. पार्कमध्येही पाणी शुद्ध करतात. तिथे गाळणी आणि क्लोरिन असते, आणि सर्वांच्या अंगाचा मळ ते सारखाच धरतात.

राज्यघटनेच्या 15 व्या कलमाचे दुसरे पोटकलम घरी जरूर वाचून पाहा. त्यात विहिरी, तलाव आणि स्नानघाट आहेत, तशीच दुकाने, उपाहारगृहे आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणेही आहेत. जातीच्या कारणावरून तिथे कोणाला अडवता येत नाही. करमणुकीचे ठिकाण खासगी मालकीचे असले तरीही नाही. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने घटनेचा मसुदा तयार केला. त्यात तहानेइतकीच करमणुकीची दखल घेतलेली आहे. वॉटर पार्क म्हणजे तर दोन्ही एकत्र, पाणी आणि करमणूक. मग ते 'आपल्यासाठी नाही' कसे?

याचा अर्थ जात संपली, असे मी म्हणणार नाही. त्या तलावात खांद्याला खांदा लावून भिजलेला माणूस उद्या घर भाड्याने देताना आडनाव विचारील. आणि जातीची भिंत जिथे खाली आली, तिथे पैशाची उभी आहे. आमच्याच इमारतीतली कितीतरी मुले त्या फाटकाच्या बाहेर आहेत. ही भिंत एकट्यादुकट्याच्या डब्याने पडणारी नाही. म्हणून आमच्या महिला मंडळात आता असा विचार चालू आहे, की दर महिन्याला घरटी थोडी थोडी रक्कम जमवून वर्षाकाठी वस्तीतल्या सर्व मुलांची एक सहल काढावी. ज्यांना जमणार नाही त्यांचे बाकीच्यांनी भरावे आणि कोणी कोणाचे भरले याची वाच्यता करू नये. हिशेब ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

परतताना मुलगा विचारत होता, "आजी आधी का घाबरत होती?" त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. मुलांचा आनंद ओला असताना त्यात दुःख कालवू नये, असे मला वाटते. पण दुःख लपवूही नये. दोन दिवसांनी जेवणानंतर आईनेच विहिरीची गोष्ट सांगितली, रडत नाही, साध्या आवाजात. सहा वर्षांची नात ऐकून म्हणाली, "मग तुम्ही पोलिसांना का नाही बोलावलं?"

आई हसली. म्हणाली, "तवा आमाला ठावंच नव्हतं बाय, की बोलावता येतं."

कायदा तर 1955 सालीच झाला होता. अस्पृश्यता पाळणे गुन्हा ठरला होता. पण तो आईच्या रांगेपर्यंत पोहोचला नव्हता. नातीच्या प्रश्नात मात्र तो पोहोचलेला दिसतो. हा प्रवास मुलांना माहीत करून द्यायचा, तर तो भाषणातून जेवढा कळेल त्याहून जास्त आजीच्या तोंडून कळेल.

तेव्हा बंधुभगिनींनो, डबा पुढच्या जूनच्या पगारापासून सुरू करा. शक्यतो शनिवार-रविवार टाळा, म्हणजे गर्दी कमी लागेल. घरात आजी किंवा आजोबा असतील तर "त्यांना काय करायचंय तिथे" असे म्हणू नका. त्यांचे तिकीट सर्वांत आधी काढा.