गिलावा झिजण्यासाठीच

उचगाव परिसरातील आमच्या जुन्या घरांच्या भिंती हात-दीड हात रुंदीच्या. मळलेल्या मातीचे थर एकावर एक चढवून उभ्या केलेल्या या भिंतींचा खरा वैरी पाऊस. आणि सह्याद्रीच्या आसऱ्याला राहणाऱ्यांना तो चुकत नाही. म्हणूनच दगडी जोते उंच, वळचण रुंद आणि भिंतीच्या अंगावर मातीचाच गिलावा, अशी योजना वाडवडिलांनी केली.

सुगी आटोपली, की गिलाव्याचे काम निघे. चाळलेल्या मातीत शेण आणि बारीक चिरलेले भाताचे पिंजर घालून ती पायांनी तुडवायची व काही दिवस भिजत ठेवायची. नुसती माती वाळताना आकसते, तडकते. पिंजर तिला धरून ठेवते. भिंतीवर पाणी शिंपडून गारा हाताने दाबत बसवायचा, तो वाळला की दुसरा पातळ थर. अखेरचा शेणकाल्याचा हात घरच्या बायकांचा. गवंड्याची मजुरी वहीत लिहिली जाई. त्यांच्या श्रमांची नोंद कोणी ठेवली नाही.

अलीकडे अशा भिंतींना सिमेंटचा गिलावा देण्याची रीत पडली आहे. आमच्या घरीही हा विषय दर दिवाळीला निघतो. 'एकदाच खर्च करून मोकळे होऊ,' असे पुण्या-मुंबईहून आलेले भाऊ म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही. २०१९ च्या ऑगस्टमधील अतिवृष्टीत बेळगाव जिल्ह्यात हजारो घरांची पडझड झाली. पुराच्या पाण्यापुढे मातीचा गिलावा टिकत नाही, हे मान्यच करायला हवे. परंतु नेहमीच्या पावसाची गोष्ट निराळी. सिमेंटला गेलेल्या बारीक भेगेतून पाणी आत शिरते, आणि मग तेच सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. भिंत आतून मऊ होत जाते, वरून मात्र धडधाकट दिसते. मातीचा गिलावा भिंतीला वाळू देतो आणि आपले दुखणे लपवीत नाही. जिथे झिजला, तिथे डोळ्यांना दिसतो.

आफ्रिकेतील माली देशात जेने गावी मातीची भव्य मशीद आहे. ती १९०७ साली पुरी झाली. गावकरी मिळून वर्षाकाठी तिला नव्याने लिंपतात, म्हणूनच ती शतकाहून अधिक काळ उभी आहे.

आमचे घर राखायचे तर वर्षातून चार दिवस कोणीतरी चिखलात उभे राहिले पाहिजे. आजवर ते काम घरातल्या बायकांनी निमूटपणे केले. यापुढे पाळी कोणाची, हे भावांनी मिळून ठरवायचे आहे.