खर्जाचा धनी

आमच्या घराच्या माळ्यावर कित्येक वर्षे एक पितळी बास पडून होता. ट्यूबाच्या कुळातले हे वाद्य थोरले काका गावच्या बॅण्डमध्ये वाजवीत. वरातीत कॉर्नेटवाल्याभोवती पोरांचा गराडा पडे, ढोलवाल्याला बक्षिसी मिळे. काकांच्या वाट्याला मात्र चालीखालचे भों-भों तेवढे येई. आम्ही भावंडे त्यांना 'भोंगेकाका' म्हणत असू. ते हसत. त्या हसण्यामागे काय होते हे ओळखण्याइतके आमचे वय नव्हते.

एकदा काकांना मुंबईच्या एका स्टुडिओतून बोलावणे आले. त्या काळी गायक आणि सारा वाद्यवृंद एकत्र ध्वनिमुद्रित होई. एकाचा सूर चुकला की सर्वांनी पुन्हा आरंभ करायचा. पाश्चात्त्य स्वरलिपीत वादनाचे कागद लिहून देणाऱ्या संयोजकांत गोव्याचे बरेच जण असत. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावे वादकांत आदराने घेतली जात. प्रेक्षकांना ती क्वचितच ठाऊक असत. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधील गाण्यामुळे गोन्साल्विस हे नाव घरोघरी पोहोचले. ते संगीतकार प्यारेलाल यांच्या गुरूंचे नाव आहे, हे किती जणांना उमगले?

काकांचा चित्रपट लागला तेव्हा आम्ही सारे कुटुंब पाहायला गेलो. कान टवकारून बसलो, पण बास काही हाती लागेना. बाहेर पडताच धाकट्याने विचारले, "काका, तुमचा भोंगा कुठे होता हो?"

काका म्हणाले, "ऐकू नाही ना आला? मग बरोबर वाजला म्हणायचा."

आम्ही पोट धरधरून हसलो.

त्या उत्तराचा अर्थ लागायला बराच काळ जावा लागला. काका गेल्यावर पुढे कधीतरी घरच्या दूरचित्रवाणी संचावर आम्ही 'जॉज' पाहिला. १९७५ च्या या चित्रपटात शार्क दिसण्याआधी ऐकू येतो. खर्जातली तंतुवाद्ये दोनच सूर पुन्हा पुन्हा घोळवतात आणि त्यांच्यावर एक पितळी आवाज चढत जातो. तो आवाज ट्यूबाचा आणि वादक लॉस एंजेलिसचे टॉमी जॉन्सन, हे आम्हांला नंतर वाचनात आले. एवढ्या वरच्या पट्टीतली चाल फ्रेंच हॉर्नला का दिली नाही, असे त्यांनी विचारले, तेव्हा संगीतकार जॉन विल्यम्स यांनी आपल्याला अधिक भयकारी आवाज हवा असल्याचे सांगितले. या संगीताला ऑस्कर मिळाले. जॉन्सन २००६ मध्ये वारले. त्यांचा सूर ऐकून दचकलेल्यांपैकी बहुतेकांना त्यांचे नावही ठाऊक नव्हते.

१९७७ च्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'मध्ये तर परग्रहावरचे यान ट्यूबातून बोलते. जिम सेल्फ या वादकाने त्याला वाचा दिली. त्या आवाजाने पडद्यावर काचा फुटतात.

पण असे मानाचे क्षण विरळाच. एरवी स्टुडिओतल्या ट्यूबावादकाचे बरेच काम मोजण्याचे. वाद्यवृंदात व्हायोलिने वीस-तीस असली तरी ट्यूबा बहुधा एकच. समोरचा कागद बहुतेकदा त्याच दिवशी पाहिलेला, कानात ठोक्यांची टिकटिक, लाल दिवा लागलेला. पन्नास-साठ मात्रा गप्प बसून मोजायच्या आणि नेमक्या क्षणी एक लांब सूर धरायचा. तो चुकला तर लपायला शेजारी दुसरा ट्यूबा नाही. बरोबर आला तर श्रोत्याला वाटते, व्हायोलिने किती भरदार वाजली!

हे वाचताना काका डोळ्यांसमोर आले. त्यांची आणि या मंडळींची तुलना आम्ही करीत नाही. ते आपल्या गावचे साधे वादक होते. पण मोजून गप्प बसण्याची विद्या तीच होती. त्यांच्यामागे आलेल्या पहिल्याच सणाच्या मिरवणुकीत बास वाजवायला कोणी नव्हते. कॉर्नेट तेच, ढोल तोच, चालीही त्याच. पण सारे संगीत पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखे अधांतरी वाटत होते. कोणाला काय कमी आहे ते सांगता येईना. आम्हां भावंडांना मात्र कळले होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही.

ते त्यांना जिवंतपणी सांगायचे राहून गेले.

यंदा तो बास आम्ही माळ्यावरून खाली काढला. चिंच लावून घासला, पोचे काढून घेतले. धाकट्याची नात रोज संध्याकाळी तो मांडीवर घेऊन फुंकते. अजून सूर लागत नाही, नुसती हवा जाते. परवा तिने विचारले, "आजोबा, या भोंग्याला चाल कधी वाजवायला मिळते?"

"भोंगा नाही बाळा," धाकटा म्हणाला, "त्याला बास म्हणतात."