मुदत गेली, ऋण राहिलें

कायद्यानें जें करतां येतें तें करावेंच असें नाहीं, हें मीं वर्गांत अनेकदां सांगितलें; परंतु स्वतः शिकलों तें निवृत्तीनंतर, जुन्नरांत एका वकिलांच्या ओसरीवर.

घोडेगांवच्या एका स्नेह्याकडून मीं घरदुरुस्तीसाठीं चाळीस हजार रुपये हातउसने घेतले होते. आज देऊं, उद्यां देऊं म्हणतां चार वर्षें लोटलीं आणि स्नेही निवर्तले. पुढें त्यांच्या पत्नी माझ्या हातची चिठ्ठी घेऊन दारीं आल्या. "मास्तर, धाकट्याची फी भरायची आहे," एवढेंच त्या बोलल्या.

हातीं पैसे नव्हते. हप्ते कसे बांधून घ्यावे हें विचारण्यास मी वकिलांकडे गेलों. चिठ्ठीची तारीख ऐकून ते म्हणाले, "तीन वर्षें उलटलीं, आतां दावा चालणार नाहीं. मात्र लेखी कांहीं देऊं नका." सल्ला अचूक होता. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें असा दावा, प्रतिवादीनें हरकत घेतली नाहीं तरी, न्यायालयास काढून टाकावा लागतो. मुलांकडून देवऋण, ऋषिऋण, पितृऋण पाठ करून घेणाऱ्या मला त्या क्षणीं हायसें वाटलें! त्याची लाज अजून गेलेली नाहीं.

घरीं येतां आमच्याच पुणें जिल्ह्याची जुनी हकीकत आठवली. १८५९ च्या कायद्यानें साध्या कर्जरोख्यांस तीन वर्षांची मुदत घातली. ऋणकोस तिचा आधार व्हावा, तों सावकार मुदत संपण्यापूर्वीं व्याज मुद्दलांत मिळवून नवा रोखा लिहून घेऊं लागले. निरक्षर कुणबी कोर्टांत गैरहजर, म्हणून हुकूमनामे एकतर्फी. सारें कायदेशीरच! १२ मे १८७५ रोजीं सुप्यास दंगा उसळला, ठिकठिकाणीं रोखे जळले. तेव्हां कोठें १८७९ च्या शेतकरी-कर्जनिवारणाच्या कायद्यानें न्यायाधीशास रोख्यामागील खरा व्यवहार तपासण्यास सांगितलें. तेव्हां मुदतीचें शस्त्र सावकारानें ऋणकोवर चालविलें. आज मी ऋणको तेंच एका विधवेवर उगारणार होतों.

वकिलांस मी सर्वस्वीं दोष देत नाहीं. अशिलास त्याचा हक्क सांगणें हें त्यांचें कर्तव्यच. परंतु हक्क सांगणें निराळें आणि तो बजावण्यास भरीस घालणें निराळें. "पैसे घेतले होते ना?" एवढें तरी त्यांनीं विचारावयाचें होतें.

शिवाय मुदत दाव्याची वाट बंद करते, ऋण बुडवीत नाहीं. १८७२ च्या कराराच्या कायद्याचें २५ वें कलम सांगतें कीं, मुदतबाह्य देणें फेडण्याचें सहीनिशीं दिलेलें लेखी वचन बंधनकारक होतें. जें लिहूं नये म्हणून मला सांगितलें होतें, तेंच मीं दुसऱ्या दिवशीं घोडेगांवास जाऊन लिहून दिलें आणि फीपुरते पैसे बाईंच्या हातीं ठेवले. बाकीची रक्कम निवृत्तिवेतनांतून दरमहा जाते. अजून तीन हप्ते राहिले आहेत.