काळी माथिल्डे

१२ नोव्हेंबर १८८५ला व्हिएन्नाच्या वेधशाळेत योहान पालिझाला माथिल्डे दिसली. दिसली म्हणजे काय, तर ताऱ्यांच्या गर्दीत जागा बदलणारा एक फिकट ठिपका, म्हणजे लघुग्रह. आकाशाच्या तुकड्याचा नकाशा करायचा आणि पुन्हा बघताना कोण हललंय ते हुडकायचं, असं ते काम. पालिझाने छायाचित्रांविना, दुर्बिणीला डोळा लावून १२२ लघुग्रह शोधले. त्यांत २४४ क्रमांकाची सीताही आहे. ग्रहण बघायला जायचं म्हणून या गृहस्थाने एका लघुग्रहाचं नाव ठेवण्याचा हक्क ५० पौंडांना विकायला काढला होता. मला तो त्यामुळे जास्तच आवडतो.

२५३ क्रमांकाची माथिल्डे पुढे ११२ वर्षं ठिपकाच राहिली. इरॉस या लघुग्रहाकडे निघालेलं ‘निअर’ यान २७ जून १९९७ला तिच्यापासून १,२१२ किलोमीटरवरून गेलं आणि पंचवीसेक मिनिटांत पाचशेवर छायाचित्रं घेऊन पुढे सटकलं. त्यांत ती चांगली राखाडी, उजळ दिसते. ती करामत चित्र उजळून छापणाऱ्यांची. प्रत्यक्षात अंगावर पडलेल्या उन्हातलं जेमतेम चार टक्के ती परत करते. पण ज्याच्या पिठूर चांदण्याचं आपल्याला एवढं कौतुक, तो चंद्र तरी किती देतो? बाराएक टक्के! भोवती काळोख असला की डांबरी रस्त्याच्या रंगाचा दगडही रुपेरी ठरतो.

खरं नवल तिच्या विवरांचं. सरासरी ५३ किलोमीटर रुंदीच्या या लघुग्रहावर एक विवर ३३ किलोमीटरचं आहे, आणि तसल्याच तडाख्यांच्या आणखी खुणा आहेत. एवढ्यात तिच्या ठिकऱ्या व्हायला हव्या होत्या. यानाला बसलेल्या किंचित ओढीवरून तिचं वस्तुमान काढलं, तेव्हा घनता पाण्याच्या फक्त १.३ पट भरली. म्हणजे आत जवळपास निम्मी पोकळी. घण दगडावर घातला तर दगड फुटतो, वाळूच्या पोत्यावर घातला तर खड्डा पडून धक्का तिथेच जिरतो.

या विवरांना जगभरच्या कोळसा खोऱ्यांची नावं दिली आहेत: दक्षिण आफ्रिकेचं कारू, जपानचं इशिकारी आणि झरिया-राणीगंजवालं आपलं दामोदर. माथिल्डेवर कोळसा अर्थातच नाही. कोळशाला आधी जंगल लागतं. तिचा काळेपणा कार्बनयुक्त खडकाचा, पृथ्वीवर पहिलं झाड उगवण्याच्या कितीतरी आधीचा. आणि स्वतःभोवती एक फेरी घालायला तिला सतरा दिवसांहून जास्त लागतात, त्यामुळे यानाला तिची एकच बाजू नीट दिसली. पलीकडच्या विवरांचं बारसं अजून व्हायचंय.